आबांना दिसणारे दोन चेंडू : माजघरातील टीव्हीची पुढची नोंद

इंटरनेटवरून येणारे थेट फुटबॉल सामने टीव्हीवर नीट दिसावेत म्हणून राऊटरपासून टीव्हीपर्यंत केबल ओढण्याचा बेत मागील नोंदीत लिहिला होता. ते काम गेल्या महिन्यात एका रविवारी उरकले. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील आमचे घर जुन्या बांधणीचे असल्यामुळे फायबरची पेटी पुढच्या सोप्यात, टीव्ही माजघरात आणि दोहोंच्या मध्ये पावणेदोन फूट जाडीची भिंत, असा सगळा मामला आहे. ५ गीगाहर्ट्झचे वायफाय या भिंतीपाशी येऊन दम टाकते आणि २.४ गीगाहर्ट्झवर गल्लीतल्या सगळ्या घरांची गर्दी असते, कारण तिथे एकमेकांत न मिसळणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच. म्हणून दाराच्या चौकटीच्या वर भोक पाडून कॅट ६ ही नेटवर्क केबल आत घेतली.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. आमच्या टीव्हीचे लॅन पोर्ट, म्हणजे नेटवर्क केबल खोचायची जागा, बहुतेक टीव्हींसारखेच १०० एमबीपीएसचे (सेकंदाला १०० मेगाबिट) आहे. त्यामुळे केबल लावल्यावर वेगचाचणीतील आकडा वाढण्याऐवजी १४० वरून ९३ वर आला आणि माझ्या मेव्हण्याने भोक पाडण्याच्या खर्चाचा हिशेब विचारला. परंतु वेगचाचणी दहा-पंधरा सेकंदांतील उत्तम कामगिरी दाखवते. सामना दोन तास चालतो. थेट प्रक्षेपण काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेले असते, प्रत्येक तुकडा चार-पाच दर्जांत तयार ठेवलेला असतो, आणि मागचा तुकडा किती लवकर पोहोचला यावरून सामना दाखवणारे अ‍ॅप पुढच्या तुकड्याचा दर्जा ठरवते. एखाद्या क्षणी वायफाय अडखळले की दर्जा लगेच खाली येतो, मात्र पुन्हा वर चढताना अ‍ॅप बिचकत, हळूहळू चढते. राऊटरच्या पानावर टीव्हीने वापरलेला डेटा दिसतो, तो मी प्रत्येक सामन्यानंतर वहीत उतरवून ठेवतो. वायफायवर दोन तासांच्या प्रक्षेपणाला ३.९ जीबी लागत होते, म्हणजे सरासरी सव्वाचार एमबीपीएस. केबलवर तेवढ्याच वेळाला ६.३ जीबी, म्हणजे बरोबर ७ एमबीपीएस. चित्र सुधारले ते या फरकामुळे. यासाठी ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेण्याची काहीही गरज नव्हती, आणि मी तो वर्षभर घेऊन बसलो होतो हे इथे प्रांजळपणे नोंदवतो.

तरीही घरातील ज्येष्ठ आबांचे समाधान झाले नाही. त्यांची हयात शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून पेठापेठांतील फुटबॉल सामने पाहण्यात गेली आहे, त्यामुळे चेंडूच्या बाबतीत त्यांची नजर कोणत्याही मापकापेक्षा विश्वासार्ह आहे. केबल लागल्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात, गोलरक्षकाने चेंडू लांब मारला तेव्हा ते म्हणाले, "अरे, बॉल दोन दिसालेत की!" मी चित्राकडे पाहिले, ते स्वच्छ होते, चौकोनी ठिपके नव्हते, अ‍ॅप सर्वांत वरच्या दर्जावर होते. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोन वर्षे झाली असल्यामुळे माझी शंका तिकडे गेली आणि मी त्यांना तपासणीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी डोळे ठणठणीत असल्याचे सांगितले. परतीच्या वाटेवर आबा एवढेच बोलले, "आता टीव्हीचं डोळं तपास."

ते त्यांनी योग्यच सांगितले होते. भारतातील आणि युरोपातील क्रीडा-प्रक्षेपण ५० हर्ट्झच्या पद्धतीवर चालते, म्हणजे चांगल्या प्रक्षेपणात सेकंदाला ५० चित्रे येतात. आमच्या टीव्हीतील अ‍ॅप मात्र पडदा नेहमी ६० हर्ट्झवरच, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे दाखवण्याच्या गतीवर, ठेवते. ६० जागा आणि ५० चित्रे, मग उरलेल्या १० जागा भरण्यासाठी दर पाचवे चित्र दोनदा दाखवावे लागते. स्थिर दृश्यात हे कळत नाही. परंतु उडत्या चेंडूमागे डोळा एकसारखा पुढे सरकत असतो आणि चेंडू सेकंदाला दहा वेळा जागच्या जागी थबकतो. त्या थबकण्याच्या वेळी डोळा पुढे गेलेला असल्यामुळे एकाच चेंडूची दोन ठिकाणी छाप उमटते. आबांना दिसणारा दुसरा चेंडू तो हाच.

हे केवळ तर्काने मान्य करण्याऐवजी मोजून पाहिले. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रांनी टीव्हीचा पडदा टिपला आणि नंतर एकेक चित्र सरकवत चेंडू कितीदा जागेवर राहतो ते मोजले. ६० हर्ट्झच्या पडद्यावर मोबाइलच्या हिशेबाने प्रत्येक जागा ४ चित्रांची. माझ्या वहीतील ओळ होती ४, ४, ४, ४, ८ आणि पुन्हा ४, ४, ४, ४, ८. हा आठचा आकडा पाहिला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि सांगायला जागे कोणी नव्हते.

उपाय फारच साधा निघाला. टीव्हीतील अ‍ॅप सोडून मागे एचडीएमआयला लावलेल्या स्ट्रीमिंग स्टिकवर सामना सुरू केला आणि स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘ऑटो’ काढून १०८०पी ५० हर्ट्झ निवडले. एखादा टीव्ही ५० हर्ट्झ स्वीकारत नसेल तर पडदा काळा पडतो. माझ्या स्टिकवर अशा वेळी काही सेकंदांत जुनी सेटिंग आपोआप परत येते, तेव्हा घाबरून प्लग उपटू नये. पुन्हा मोजल्यावर वहीत ५, ५, ५, ५, ४ अशी जवळजवळ सपाट ओळ आली. चित्रपट पाहताना किंवा अमेरिकेतील ६० हर्ट्झवरचे सामने पाहताना ही सेटिंग बदलावी लागते, ही कटकट आहे खरी. काही उपकरणांत मूळ चित्रगतीप्रमाणे पडदा आपोआप बदलण्याची सोय असते, मात्र अ‍ॅपनेही तिला साथ द्यावी लागते आणि माझ्याकडच्या थेट सामन्यांच्या अ‍ॅपने ती दिली नाही.

याआधी मी टीव्हीतील गती गुळगुळीत करणारी सोय चालू करून पाहिली होती. तिच्यात टीव्ही दोन चित्रांच्या मधले चित्र स्वतःच कल्पून भरतो. मोकळ्या मैदानावर ते छान जमते, पण खेळाडूंच्या पायांच्या गर्दीत चेंडू शिरला की टीव्हीची कल्पनाशक्ती संपते आणि चेंडू क्षणभर गायब होतो. दोन चेंडू परवडले! ती सोय बंदच ठेवली आहे. बाकी सेटिंगबद्दल थोडक्यात: ‘व्हिव्हिड’ व ‘स्पोर्ट्स’ दोन्ही सोडून ‘सिनेमा’ मोड, आणि शार्पनेस अगदी खाली, कारण वाढवलेला शार्पनेस दाबलेल्या चित्रातील दोषच ठळक करतो.

गवताचा प्रश्न मात्र पूर्ण सुटलेला नाही, आणि घरच्या घरी तो सुटणारही नाही. कॅमेरा वेगाने फिरतो तेव्हा मैदानातील प्रत्येक पाते आणि गॅलरीतील प्रत्येक चेहरा एकाच वेळी बदलतो. तेवढा बदल ७ एमबीपीएसमध्ये बसवताना बारकाव्यांचा बळी जातो, गवताचा हिरवा लगदा होतो आणि कॅमेरा थांबल्यावर अर्ध्या सेकंदात पाती परत उगवतात. उलट खासबाग मैदानातील कुस्तीचे साधे प्रक्षेपण कमी डेटातही नेटके दिसते, कारण कॅमेरा बहुधा स्थिर असतो, लाल माती स्थिर असते आणि हलणारे पैलवान दोनच. स्थानिक फुटबॉल सामन्यांच्या युट्यूबवरील प्रक्षेपणाबद्दल बोलायचे तर ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ (चालू व्हिडिओचा तपशील दाखवणारी चौकट) उघडून मूळ दर्जा आधी पाहावा. मूळच ७२० ओळींचे आणि सेकंदाला ३० चित्रांचे असेल, तर टीव्हीशी झटापट करण्यात अर्थ नाही.

एक छुपा दोष गेल्याच आठवड्यात सापडला. रोज रात्री नऊच्या सुमारास दर्जा पाच-दहा मिनिटे घसरत असे आणि मी त्याचे खापर लाइनवर फोडत होतो. प्रत्यक्षात मुलगी त्या वेळी क्लासवरून घरी येते आणि तिचा मोबाइल वायफाय मिळताच दिवसभराचे फोटो व व्हिडिओ वर चढवू लागतो. वर जाणारी वाट अशी तुंबली की टीव्हीने पुढच्या तुकड्यासाठी केलेली मागणीदेखील त्याच रांगेत अडकते. एरवी ९ मिलिसेकंद असणारा पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, तेव्हा ४०० च्या पुढे गेलेला दिसला. तोपर्यंत मी ५० एमबीपीएसच्या प्लॅनवर उतरलो होतो. राऊटरमध्ये अपलोडची मर्यादा ४५ वर बांधली, तेव्हा रांग फायबरच्या पेटीत न साचता राऊटरच्या ताब्यात राहिली आणि पिंग ३० च्या आत आला. यासाठी राऊटरमध्ये एसक्यूएमची, म्हणजे डेटाची रांग आटोक्यात ठेवणारी, सोय असावी लागते.

आता उरला आहे उशीर. शेजारच्या घरी डिश आहे आणि त्यांचा गोल आमच्या गोलच्या ३४ सेकंद आधी होतो. अ‍ॅप काही तुकडे हाताशी साठवून मगच दाखवते, आणि तो साठाच चित्र स्थिर ठेवतो, म्हणून त्याला हात लावायची माझी तयारी नाही. पेनल्टी किकची वेळ आली की आबा स्वतःच उठून गल्लीकडची खिडकी लावून घेतात.