आमची वाटचाल: भट्टी बदलली, माणसं तीच

बेळगावच्या उद्यमबागेत आमची बिडाची फौंड्री आहे. वडिलांनी ती सुरू केली, आता मी आणि माझी धाकटी बहीण मिळून चालवतो. पंपाची केसिंग, हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी, ट्रॅक्टरचे सुटे भाग असं ओतकाम आम्ही करतो. या भागाला लोखंडाचं काम नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे चारा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर करायला लागले आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर गेले. ते गेले तरी काम इथं राहिलं. आज उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात ओतकाम आणि मशिनिंगवर हजारो घरं चालतात. यळ्ळूर, धामणे, पिरनवाडी, खानापूरकडची माणसं पहाटेच डबा घेऊन निघतात.

आमची सुरुवात कुपोला भट्टीवर झाली. उभी भट्टी, वरून कोक (दगडी कोळशापासूनचं इंधन), चुनखडी, पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि भंगार असा चार्ज थरावर थर टाकायचा, खालून ब्लोअरनं हवा मारायची आणि रस, म्हणजे वितळलेलं लोखंड, लॅडलमध्ये (मोठ्या पळीत) काढून साच्यांत ओतायचा. हीटच्या, म्हणजे रस काढायच्या, दिवशी धूर किती, हे शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांना विचारावं. मध्यंतरी हवा दोन पातळ्यांवरून सोडणारी सुधारित कुपोला अनेक ठिकाणी आली, तिनं कोक पाव हिश्शानं वाचतो. ऊर्जा वाचवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संघटना आणि आपल्या केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो यांनी जो प्रकल्प घेतला, त्यात फौंड्रीसाठी कोईमतूर आणि इंदूरबरोबर बेळगावही होतं. या पट्ट्यात ऊर्जेचा हिशोब मांडायची सवय तेव्हापासून हळूहळू लागली.

आम्हाला भट्टी बदलायची खरी घाई झाली ती गिऱ्हाइकामुळे. आमच्या बॉडी ज्या कंपन्या घेतात, त्यातल्या काहींचा माल युरोपला जातो. युरोपीय संघानं १ ऑक्टोबर २०२३ पासून लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट वगैरे मालावर कार्बनचा हिशोब मागायला सुरुवात केली आणि १ जानेवारी २०२६ पासून त्यावर पैसे मोजणं लागू झालं. आमच्यासारखे मशीनचे सुटे भाग सगळेच त्या यादीत नाहीत. तरी मोठ्या गिऱ्हाइकाचा फॉर्म आलाच: एक टन कास्टिंगमागे किती कार्बन?

मी आणि बहीण तो फॉर्म भरायला बसलो तेव्हा जे आकडे निघाले, ते प्रत्येक फौंड्रीवाल्यानं एकदा कागदावर मांडावेत असं मला मनापासून वाटतं. साध्या कुपोलात एक टन रसाला साधारण १३० ते १५० किलो कोक जातो. एक किलो कोक जळला की तीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. म्हणजे टनामागे चारशे-साडेचारशे किलो. आता विजेची इंडक्शन भट्टी घ्या. तिला टनाला ५५० ते ६५० युनिट लागतात. आपल्या देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड येतो, कारण अजून बरीचशी वीज कोळशाचीच आहे. गुणाकार करा: पुन्हा चारशेच्या घरात. धूर आमच्या शेडमधून उठून औष्णिक केंद्राच्या चिमणीत गेला, एवढंच. मोल्डरच्या, म्हणजे साचे करणाऱ्याच्या, फुप्फुसाला मोठा फरक पडतो, आणि तेवढ्यासाठीही मी ही भट्टी घेतली असती. पण हिला हरित उद्योग म्हणायचं, तर वीजही बदलायला हवी होती.

छपरावर सोलर बसवलं. आमच्या शेडवर शंभर किलोवॉटच मावतात. बेळगावच्या उन्हात त्यातून दिवसाला सरासरी चारशे युनिट मिळतात, म्हणजे एक टन रसही होत नाही. पावसाळ्यात तर त्याहून कमी. ऑफिस, कॉम्प्रेसर आणि सँड प्लांटचा (साच्याची वाळू तयार करणाऱ्या यंत्रांचा) काही भार त्यावर निघतो. भट्टीसाठी बाहेरून पवन आणि सौर वीज घ्यायची वाट आहे. २०२२ च्या केंद्राच्या नियमांनी ही सोय एक मेगावॉटवरून १०० किलोवॉटच्या गिऱ्हाइकापर्यंत खाली आणली आणि आमच्यासारख्यांना पहिल्यांदाच दार उघडलं. सौंदत्तीकडे जाताना पवनचक्क्या फिरताना दिसतात. तिथली वीज इथल्या भट्टीत आणायची, ही कल्पना मला फार आवडते.

आता माणसांकडे येतो, कारण आमच्या वाटचालीतलं सर्वात अवघड काम तिथंच होतं. नवी भट्टी घ्यायची ठरतेय हे शेडमध्ये कळलं तेव्हा चार्ज चढवणाऱ्या एका वयस्कर मामांनी मला गाठलं. "मालक, भट्टी आणा की. आमचं काय करतासा ते तेवढं आधी सांगा." या प्रश्नाला जगभरच्या चर्चेत न्याय्य संक्रमण म्हणतात. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत कामगारांसाठी त्याचा उल्लेख आहे, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आपल्याकडे हा विषय निघाला की झारखंडच्या कोळसा खाणी डोळ्यांसमोर येतात. खाण बंद होते तेव्हा निदान ती सगळ्यांना दिसते. उद्यमबागेत बदल एकेका शेडमध्ये, गाजावाजा न होता होतो. पाच माणसं इथली गेली, तीन तिथली, कुणाच्या मोजणीत येत नाहीत. त्यात निम्मी कंत्राटी.

म्हणून भट्टीची ऑर्डर देण्याआधी आम्ही यादी केली. हजेरीपत्रकात असलेले आणि नसलेले, दोन्ही. कुणाचं काम कुपोलाबरोबर संपणार? वर कोक-भंगार चढवणाऱ्यांचं, कोक फोडणाऱ्यांचं, आणि प्रत्येक हीटनंतर आतून भट्टी खरवडून फायरब्रिक आणि मातीनं लिंपणाऱ्या गवंड्याचं. एकालाही काढायचं नाही, पगार कमी करायचा नाही, शिकण्याचे दिवस पगारी, असं लिहून सह्या केल्या. कंत्राटी माणसांचा पीएफ आणि ईएसआय सुरू झाल्यावरच भट्टीचा पाया खणला. बहिणीचा त्यात हट्ट होता आणि तो योग्यच होता.

गवंडी आता इंडक्शन भट्टीचं लायनिंग, म्हणजे आतलं अस्तर, करतो. रॅमिंग मास (उष्णता सोसणारी भुकटी) थर देऊन ठासायचा, मग ठरल्या वेगानं तापवून पक्का करायचा. वीट कुठं आधी झिजते हे ज्याच्या हाताला माहीत आहे, त्याला हे काम लवकर आलं. इथं निष्काळजीपणा चालत नाही. भट्टीभोवतीच्या विजेच्या कॉईलमधून पाणी फिरतं, लायनिंग फुटून रस तिथं पोचला तर स्फोट होतो. आमचे जुने फर्नेसमन चिलचा, म्हणजे नमुना म्हणून ओतलेला, तुकडा फोडून त्याच्या रंगावरून लोखंडातला कार्बन सांगायचे. धातूतले घटक मोजणारा स्पेक्ट्रोमीटर आला तरी तो तुकडा आम्ही फोडतोच, आणि नवीन मुलांना तो बघायला त्यांच्याकडेच पाठवतो. चार्जवाले मामा सँड प्लांटवर आहेत. काहींना मात्र नवं काम रुचलं नाही. एक जण गावी शेतीकडे वळला, त्याचा हिशोब आम्ही ठरल्यापेक्षा वाढवून दिला.

सूचनांच्या पाट्या मराठी, कन्नड आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत लिहिल्या. रस चौदाशे अंशांवर असताना पाटी वाचायला लागणारा एक क्षणसुद्धा जास्त असतो, त्यामुळे ज्याला जी भाषा पटकन कळते ती समोर हवी.

धूर कमी झाला तरी धूळ आहे. साच्याच्या वाळूत सिलिका असते, रॅमिंग मासमध्येही असते, फेटलिंगला, म्हणजे ओतलेला भाग घासून साफ करताना, तर ती हवेत उडते. या धुळीनं होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार १९४८ च्या कारखाना कायद्यानं यादीत नोंदवला होता, आणि तो बरा होत नाही. आम्ही फेटलिंगच्या जागी धूळ ओढणारी यंत्रणा बसवली आणि सगळ्यांचा छातीचा एक्स-रे दर वर्षी काढायला लागलो. हरित उद्योगाच्या भाषणांत हा मुद्दा मला क्वचितच ऐकू येतो. मला तो कार्बनइतकाच महत्त्वाचा वाटतो.

जुन्या कुपोलाची शेवटची पूजा खंडेनवमीला केली. त्या दिवशी गेटबाहेरचेही आले होते. कोक आणणारा टेम्पोवाला, वापरलेली वाळू उचलणारा. यांच्यासाठी आमच्या कागदावर ओळ नव्हती, ती नंतर घातली. वाळूवाल्याला आता जास्त काम आहे, कारण चाळलेली वाळू पेव्हर ब्लॉकला जाते. टेम्पोवाल्याला आम्ही भंगाराच्या आणि तयार मालाच्या फेऱ्या दिल्या, तरी कोकचं भाडं पूर्ण भरून निघालेलं नाही.

इंजिनाचे भाग ओतणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांपुढचा प्रश्न आणखी मोठा आहे. विजेवरच्या गाड्यांना क्रँकशाफ्ट लागत नाही. पण पवनचक्कीच्या गिअरबॉक्सचं घर बिडाचंच असतं, पंप आणि व्हॉल्व्हही लागतच राहणार. ज्यांच्याकडे नवी भट्टी घ्यायची पत नाही, त्यांनी तिकडे वळायचं कसं, हे एकेका मालकाच्या आवाक्यातलं नाही.

म्हणून सध्या आम्ही काही फौंड्रीवाले ग्रुप कॅप्टिव्हची, म्हणजे मिळून स्वतःसाठी वीज प्रकल्प उभारायची, बोलणी करतोय. वीज नियमांप्रमाणे वापरणाऱ्यांनी प्रकल्पात किमान २६ टक्के भांडवल घालायचं आणि तयार होणाऱ्या विजेपैकी किमान ५१ टक्के स्वतः वापरायची. छोट्यांना एकट्यानं न परवडणारी पवनची वीज अशी एकत्र घेता येते. मी त्यात एक अट मांडली आहे: जो सभासद होईल त्यानं भट्टी बदलताना कुणाला काढायचं नाही, आणि बचतीचा ठरावीक वाटा शेजारच्या शेडमधल्या माणसांच्याही प्रशिक्षणासाठी द्यायचा. काहींना ही अट जड वाटते, बोलणी चालू आहेत. कामगारांबरोबर आम्ही केलेला करार मराठी आणि कन्नड दोन्हींत तयार आहे. उद्यमबाग, मच्छे, होनगा, कुठल्याही मालकाला किंवा कामगाराला तो हवा असेल तर कारखान्यात येऊन प्रत घेऊन जावी. दुपारच्या हीटआधी आलात तर भट्टी आणि सँड प्लांटही दाखवता येईल.