हाले: चार थालर, सोळा ग्रोशन आणि तंजावरचा राजा

तंजावरच्या शिवगंगा कोटातल्या चर्चमध्ये पांढऱ्या संगमरवरात कोरलेलं एक दृश्य आहे. खाटेवर अखेरच्या आजारातला एक म्हातारा पाद्री पडलाय आणि बाजूला उभ्या असलेल्या राजाने त्याचा हात हातात घेतलाय. राजा म्हणजे आपले दुसरे सरफोजी भोसले. पाद्री ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ, त्यांचा गुरू आणि पालक. राजांनी हे शिल्प फ्लॅक्समन या नामवंत इंग्रज शिल्पकाराकडून लंडनमध्ये करवून घेतलं होतं. मी ते पाहिलं त्याला बारा वर्षं झाली. हा श्वार्ट्झ शिकला कुठे, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात होता. उत्तर होतं जर्मनीतलं हाले. भाची लाइपझिगला शिकायला गेली तेव्हा मी तिला फोनवरच सांगून टाकलं, "मी आले की पहिलं हालेला जायचं."

लाइपझिगहून लोकलने हाले जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर. 'झाले' नावाच्या नदीकाठचं, मिठागरांवर मोठं झालेलं जुनं गाव. संगीतकार हँडल इथलाच. स्टेशनवरून चालत निघालो. फ्रांके चौकात पोचलो तर समोर काँक्रीटचा उंच उड्डाणपूल, वरून गाड्यांची घरघर, आणि त्याला लागूनच फ्रांके नावाच्या पाद्र्याने उभारलेली ती तीनशे वर्षांपूर्वीची अनाथालयाची इमारत. पूर्व जर्मनीच्या काळात हा पूल असा अगदी दारातून नेला. १९४६ मध्ये फ्रांकेची ही संस्था बरखास्त झाली होती, आणि पुढची कित्येक वर्षं घरं पडायला आली होती. १९९० नंतर एकेक इमारत पुन्हा उभी केली गेली. भिंती आता इतक्या नीट रंगवलेल्या आहेत, की ती पडझड खरी वाटत नाही.

दर्शनी भिंतीच्या माथ्यावर सूर्याकडे झेपावणारे दोन गरुड आहेत. त्यांच्याखालच्या दारातून आत गेलो.

आउगुस्ट हेरमान फ्रांके १६९२ मध्ये ग्लाउखा या हालेच्या वेशीबाहेरच्या वस्तीत पाद्री म्हणून आला. वस्ती गरीब, मुलं रस्त्यावर. घरी त्याने एक दानपेटी लावली होती. १६९५ च्या ईस्टरच्या सुमारास तिच्यात कुणीतरी एकदम चार थालर आणि सोळा ग्रोशन (ही तिथली तेव्हाची नाणी) टाकून गेलं. एवढ्या रकमेतून काहीतरी भरीव करायलाच हवं, असं म्हणून त्याने त्यातून पुस्तकं घेतली आणि गरीब मुलांची शाळा सुरू केली. तीनच वर्षांनी, १६९८ मध्ये, या अनाथालयाची पायाभरणी झाली. १७२७ मध्ये तो वारला तेव्हा इथे दोन हजारांहून अधिक मुलं शिकत होती. मुलींची शाळाही होती.

एवढ्यांना शिकवायचं कुणी? हालेचं विद्यापीठ १६९४ चं, म्हणजे अगदी नवं. त्यातल्या गरीब विद्यार्थ्यांना फ्रांकेने रोजचं जेवण दिलं आणि बदल्यात वर्गावर तास घ्यायला लावले. आपल्याकडे वार लावून जेवणारी मुलं होती, त्यांची आठवण झाली. इथे जेवणाची परतफेड शिकवण्यातून होती, आणि त्यातूनच शिक्षक तयार झाले. त्यांच्यापैकी योहान युलियुस हेकरने पुढे १७४७ मध्ये बर्लिनला व्यवहारोपयोगी विषयांची रिआलशूल काढली आणि १७६३ मध्ये प्रशियाच्या खेड्यापाड्यांतल्या शाळांसाठीचा कायदा लिहिला.

पैसा औषधं विकून आला, पुस्तकं छापून आला. १७१० मध्ये कानश्टाइन नावाच्या सरदाराने इथे स्वस्त बायबल छापायची सोय उभी केली. माझे आजोबा छापखान्यात जुळारी होते, म्हणून ती युक्ती मला फार भावली. एरवी फर्मा (एकत्र छापायची पानं) छापून झाला की खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, सोडायचे आणि पुन्हा वापरायचे. इथे अख्ख्या ग्रंथाचे जुळवलेले खिळे तसेच बांधून ठेवले. प्रचंड शिसं अडकून पडलं, पण पुन्हा जुळणी नको, म्हणून किंमत उतरली आणि पुस्तक गरिबाच्या घरात गेलं.

पोटमाळ्यावर चढलो आणि मी बराच वेळ एका जागी उभी राहिले. हे मुलांसाठीचं वस्तुसंग्रहालय. छताला मगर टांगलेली. मध्ये विश्वाच्या भल्यामोठ्या प्रतिकृती, एकीत पृथ्वी मध्यभागी आणि एकीत सूर्य, दोन्ही मतं शेजारीशेजारी. भोवती ग्रुंडलर या चित्रकाराने १७३६ ते १७४१ च्या दरम्यान सजवलेली कपाटं. कपाटात जे आहे तेच त्याच्या माथ्यावर रंगवलेलं. शिंपल्यांच्या कपाटावर शिंपले असे काढलेत, की भाची टाचा उंचावून बघत म्हणाली, "आत्या, हे खरे चिकटवलेत की रंगवलेत?" वाचता न येणाऱ्या पोरालाही आत काय आहे ते बाहेरूनच कळावं!

फ्रांकेचा एक भाग मात्र मला पटत नाही. मुलांना मोकळं खेळू द्यायला त्याचा विरोध होता. पोरांवर सतत नजर, आणि मुलाची हट्टी इच्छाशक्ती मोडली पाहिजे असं त्याचं स्पष्ट मत. विरंगुळा म्हणून लेथवरचं काम, भिंगं घासणं, कारागिरांच्या घरी जाऊन काम पाहणं. ही कामं उत्तमच, पण आठ वर्षांच्या पोराला नुसतं पळू द्यायला काय हरकत होती? मी पंचवीस वर्षं शाळेत शिकवलंय. खेळाचा तास बुडाला की वर्गाची काय अवस्था होते ते मी रोज बघितलंय.

मागच्या ग्रंथालयात (१७२८ मध्ये पुरी झालेली इमारत) पुस्तकांच्या मांडण्या नाटकातल्या विंगांसारख्या दोन्ही बाजूंनी पुढे आलेल्या आहेत. जुन्या कातड्याचा आणि लाकडाचा वास. इथल्या संग्रहात तमिळ ताडपत्रंही आहेत. फ्रांकेचे विद्यार्थी १७०६ पासून तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडी या डॅनिश वसाहतीत जात होते, तमिळ शिकत होते, तिथला वृत्तान्त इथे पाठवत होते. आणि १७४० च्या दशकात, विशीतला श्वार्ट्झ हालेत शिकत असताना, मद्रासहून परतलेल्या शुल्त्से या मिशनऱ्याकडून त्याने इथेच तमिळचे पहिले धडे घेतले. १७५० मध्ये तो भारतात उतरला. पुढे मराठीही शिकला.

१७८७ मध्ये तंजावरच्या मृत्युशय्येवरच्या तुळजाराजांनी दत्तक घेतलेला दहा वर्षांचा सरफोजी श्वार्ट्झच्या ओटीत घातला. गादी बळकावलेल्या अमरसिंगाने, म्हणजे तुळजाराजांच्या सावत्रभावाने, मुलाला कोंडून ठेवलं, शिक्षण तोडलं. श्वार्ट्झ त्याच्यासाठी भांडला आणि अखेर मुलाची सोय मद्रासला झाली. हाच मुलगा पुढे सरस्वती महाल ग्रंथालयात जगभरची पुस्तकं आणि चित्रं जमवतो, डोळ्यांच्या रोग्यांच्या चित्रांसह नोंदी ठेवतो, मोफत शाळा काढतो. १८०६ मध्ये त्याच्याच छापखान्यात इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या जातात, 'बालबोध मुक्तावली' नावाने. हालेची कपाटं त्याने कधी पाहिली नाहीत. तरी त्या पोटमाळ्यावर उभं राहून तंजावरचा महाल आठवल्यावाचून मला राहवलं नाही.

बाहेर अंगणात फ्रांकेचा पुतळा आहे, दोन मुलांसोबत. तेवढ्यात घंटा झाली. या आवारात आजही शाळा भरतात. दप्तरं भिंतीशी टाकून पोरं लिंडनच्या झाडांखाली चेंडूमागे धावत सुटली. एक चेंडू पुतळ्याच्या चौथऱ्यावर आपटून आमच्याकडे आला. भाचीने तो पायाने परत मारला आणि मला म्हणाली, "डिसेंबरात घरी येतेय. तंजावर दाखवशील?"