फाइल समोर दिसते, तरी ‘नॉट फाउंड’: डॉकर इमेजमध्ये एडब्ल्यूएस सीएलआय बसवताना

तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी जी दुरुस्ती केली ती डॉकरफाइलच्या (डॉकर इमेज बांधायच्या पायऱ्या लिहिलेल्या फाइलच्या) पहिल्या ओळीची होती. त्या एका ओळीपर्यंत पोचायला तीन संध्याकाळी लागल्या, याचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही. दुसऱ्या कुणाची तरी एखादी संध्याकाळ वाचावी म्हणून लिहिते आहे.

मी लातुरात एका छोट्या कंपनीत आहे. आडत दुकानांचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. कुणाचे किती कट्टे आले, भाव काय लागला, हमाली-तोलाई किती कापली, शेतकऱ्याच्या हातात किती रुपयांची पट्टी गेली, हे सगळं त्यात असतं. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची आवक वाढली की दुकानातल्या कॉम्प्युटरला दम खायला वेळ नसतो. अशा दिवसांत हार्ड डिस्क गेली तर आडत्याचा आणि शेतकऱ्याचा दोघांचाही हिशोब जातो. म्हणून ठरलं की रोज रात्री 11 वाजता पोस्टग्रेस या डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, घ्यायचा आणि तो एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई विभागातल्या बकेटमध्ये (फाइल ठेवायच्या जागेत) टाकायचा. प्रत्येक दुकानातलं मशीन वेगळं, त्यामुळे एकच कंटेनर इमेज (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं, कुठल्याही मशीनवर तसंच चालणारं) बनवायची, तिच्यात डंप घेणारा पीजी-डंप आणि तो वर चढवणारा, एडब्ल्यूएसला कमांड देणारा एडब्ल्यूएस सीएलआय. काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, उद्या संध्याकाळपर्यंत देते.

बकेट, परवानग्या, डंपची स्क्रिप्ट, रात्रीचं वेळापत्रक हे सगळं दुपारच्या आत झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

बेस इमेज, म्हणजे जिच्यावर आपली इमेज उभी राहते ती, म्हणून पोस्टग्रेस 16 ची अल्पाइन या छोट्या लिनक्सवरची आवृत्ती घेतली. सगळीकडे हेच वाचलं होतं की अल्पाइन घ्या, लहान असते. ते खरंच आहे, मूळ अल्पाइन जेमतेम काही एमबीची असते. मग फाइल उतरवणारं कर्ल आणि झिप सोडणारं अनझिप घातलं, सीएलआयची लिनक्सची झिप उतरवली, सोडली, इन्स्टॉलर चालवला. बिल्ड हिरवी. कंटेनर उघडला, एडब्ल्यूएसची आवृत्ती विचारली. उत्तर आलं: ‘एडब्ल्यूएस: नॉट फाउंड’.

मला वाटलं पाथमध्ये (शेल ज्या फोल्डरांत प्रोग्रॅम शोधतो त्यांच्या यादीत) गडबड असेल. पाथ छापून बघितला, यूएसआर-लोकल-बिन त्यात होतं. त्या फोल्डरची यादी काढली, एडब्ल्यूएस तिथंच. तो नुसता दुवा असतो, म्हणून दुव्याच्या मागे गेले. दुवा सीएलआयच्या व्ही2 फोल्डरमधल्या ‘करंट’कडे, तिथून पुढे खऱ्या फाइलपर्यंत. खरी फाइलही जागेवर, चालवायची परवानगी असलेली, मालक रूट. मग पूर्ण पत्ता टाइप करून चालवली. ‘नॉट फाउंड’. वरच्या ओळीत यादी फाइल दाखवते आहे, खालच्या ओळीत शेल म्हणतो सापडत नाही. त्या दोन ओळींकडे बघत मी किती वेळ बसले कुणास ठाऊक. घरी पोचेपर्यंत साडेनऊ झाले.

दुसरी संध्याकाळ मी झिपवर घालवली. आमच्याकडचं नेट सारखं तुटतं, त्यामुळे फाइल अर्धवट उतरली असणार अशी माझी खात्री झाली. घरून मोबाइलचं नेट जोडून झिप पुन्हा उतरवली, साधारण 60 एमबी. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा उतरवताना लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर होता, पण राउटर गेला. (बिल्डच्या ज्या पायऱ्या पूर्ण झालेल्या असतात त्या कॅशमध्ये टिकतात, अर्धवट राहिलेली पायरी मात्र पहिल्यापासून करावी लागते. म्हणून मोठं डाउनलोड असलेली पायरी शक्यतो वर, रोज बदलणारी स्क्रिप्ट खाली ठेवा.) आई आतून म्हणाली, “जेवायला ये की, काय करायलीस एवढं अंधारात?” मी म्हटलं, पाच मिनिटं. पाच मिनिटांचे दोन तास झाले. अनझिपला नुसती तपासणी करायला सांगितली तेव्हा ‘एकही चूक नाही’ असं उत्तर आलं. म्हणजे झिप पहिल्यापासून चांगली होती.

मग प्रोसेसरवर संशय. एक्स86 च्या मशीनवर एआरएमची झिप घेतली की काय? मशीनची माहिती देणाऱ्या यूनेम कमांडला विचारलं, एक्स86-64. झिपही तीच. हेही कळून ठेवा: प्रोसेसर चुकला तर संदेश वेगळा असतो, ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. ‘नॉट फाउंड’ आलं असेल तर प्रोसेसरच्या मागे लागून वेळ घालवू नका. मी पाऊण तास घालवला.

तिसऱ्या संध्याकाळी कुठं तरी वाचून जीकॉम्पॅट नावाचं, दुसऱ्या लिनक्सचे प्रोग्रॅम अल्पाइनवर चालवू बघणारं पॅकेज घातलं. संदेश बदलला! ‘नॉट फाउंड’ जाऊन अमुक सिम्बॉल (लायब्ररीतल्या फंक्शनचं नाव) सापडत नाही, तमुक सिम्बॉल सापडत नाही अशी रांग लागली. मला वाटलं, आता आलं जवळ. एकेक सिम्बॉल शोधत बसले. ते जवळ येणं नव्हतं, आणखी आडरानात शिरणं होतं.

शेवटी आमच्या सरांना फोन केला. ते पुण्यात असतात. मी पाथपासून सगळं सांगायला सुरुवात केली, त्यांनी मध्येच थांबवलं.

“बेस कोणता घेतलायस?”

“अल्पाइन.”

“बरं. ती फाइल बाहेर तुझ्या उबुंटूवर काढ आणि तिला ‘फाइल’ कमांड लावून बघ. इंटरप्रिटर म्हणून काय लिहितंय ते वाच.”

लावली. एक लांब ओळ आली: 64 बिट, एक्स86-64, डायनॅमिकली लिंक्ड, आणि पुढे इंटरप्रिटर म्हणून लिब64 फोल्डरमधल्या ‘एलडी-लिनक्स’ नावाच्या फाइलचा पत्ता.

“आता अल्पाइनमध्ये जाऊन तो पत्ता शोध.”

तिथं तो पत्ता नव्हता. अल्पाइनच्या लिब फोल्डरमध्ये ‘एलडी-मसल’ नावाची वेगळीच फाइल होती.

तेव्हा उलगडलं. असा प्रोग्रॅम एकटा सुरू होत नाही. त्याच्या पोटात एका लोडरचा पत्ता लिहिलेला असतो, कर्नल आधी त्या लोडरला उठवतो आणि लोडर प्रोग्रॅमला लागणारी लायब्ररी जोडून देतो. सीएलआयची अधिकृत झिप जीलिबसी या लायब्ररीवर बांधलेली आहे. डेबियन, उबुंटू, फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांत जीलिबसी असते. अल्पाइनमध्ये तिच्या जागी मसल असते, लोडर वेगळा, पत्ता वेगळा. कर्नलला लोडर मिळत नाही, तो ‘अशी फाइल नाही’ एवढंच सांगतो, आणि शेल त्या उत्तरापुढे नाव लावतो आपण टाइप केलेल्या प्रोग्रॅमचं. तहसीलला आपला कागद टेबलावर असतो, ज्याची सही लागते ते साहेब रजेवर असतात, आणि खिडकीवर सांगतात की तुमचा कागदच नाही. तसंच झालं होतं. जे हरवलं होतं त्याचं नाव संदेशात कुठंच नव्हतं आणि मी तीन दिवस न हरवलेली वस्तू शोधत होते.

याचा मला खरोखर त्रास झाला. मला संगणकाच्या पोटातलं सगळं येतं असा माझा दावा नाही, पण मी प्रत्येक पायरी नीट तपासली होती. कुठल्या लोडरचा पत्ता सापडला नाही एवढं त्या ओळीत असतं तरी पहिल्याच संध्याकाळी मी घरी वेळेवर जेवले असते.

नंतर लक्षात आलं की इशारा बिल्डमध्येच येऊन गेला होता. डॉकरचा नवा बिल्डर पायरी संपली की तिचा मजकूर आवरून घेतो. ‘प्रोग्रेस प्लेन’ लावून पुन्हा बिल्ड केली तेव्हा इन्स्टॉलरच्या स्क्रिप्टमधूनच ‘नॉट फाउंड’ अशी ओळ सरकताना दिसली आणि तिच्या लगेच खाली, आता तुम्ही एडब्ल्यूएस चालवू शकता, असा निरोप. म्हणून बसवण्याच्या पायरीच्या शेवटी, त्याच ओळीत, आवृत्ती विचारणारी कमांड जोडाच. चालली नाही तर बिल्ड तिथंच लाल होते.

दुरुस्ती: पहिल्या ओळीतलं ‘16-अल्पाइन’ काढून ‘16-बुकवर्म’, म्हणजे तीच पोस्टग्रेस 16 पण डेबियनवरची. बस.

खरं म्हणजे त्याच्या आधी मी साधं डेबियन स्लिम (डेबियनची छोटी इमेज) घेऊन त्यात एप्टने, म्हणजे डेबियनच्या पॅकेज बसवायच्या साधनाने, पोस्टग्रेसचा क्लायंट घातला होता. सीएलआय लगेच चालला, पण डंप अडला. डेबियन 12 म्हणजे बुकवर्मच्या भांडारात क्लायंट 15 चा आहे आणि आमचा सर्व्हर 16 चा. पीजी-डंप आपल्यापेक्षा नव्या सर्व्हरचा डंप घ्यायला साफ नकार देतो. हा संदेश मात्र कसा असावा याचा नमुना आहे: सर्व्हरची आवृत्ती ही, माझी आवृत्ती ही, जुळत नाही म्हणून थांबतो. पाच मिनिटांत सुटलं. पोस्टग्रेसचीच डेबियनवरची इमेज घेतली की दोन्ही प्रश्न मिटतात.

अल्पाइनच हवी असेल तर तिच्या स्वतःच्या भांडारात एडब्ल्यूएस-सीएलआय नावाचं पॅकेज आहे, मसलसाठी बांधलेलं, ते एपीकेने (अल्पाइनच्या पॅकेज बसवायच्या साधनाने) घाला. अधिकृत झिप तिथं नेऊ नका. आणि पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपने बसवायला जाऊ नका. मी सगळ्यात आधी तेच केलं होतं, हे सांगायचं राहिलं. बुकवर्मवर पिप ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून अडवतो, आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करून पुढे गेलात तरी पिपवर त्या नावाने मिळतो तो जुना, पहिल्या पिढीचा सीएलआय. लिनक्ससाठी दुसऱ्या पिढीचा अधिकृत सीएलआय 2020 पासून झिपमधून येतो, स्वतःचं पायथन सोबत घेऊन.

आकाराचं सांगते. डॉकरफाइलमधल्या कमांड चालवणाऱ्या ओळीला रन म्हणतात आणि प्रत्येक रनचा इमेजमध्ये वेगळा थर बनतो. झिप उतरवणं एका रनमध्ये, सोडणं दुसऱ्यात, पुसणं तिसऱ्यात असं लिहिलं तर पुसूनही इमेज तेवढीच जाड राहते, कारण खालच्या थरात ती फाइल तशीच पडून असते. त्यात इन्स्टॉलर सोडलेल्या फोल्डरची आणखी एक प्रत करतो. उतरवणं, सोडणं, बसवणं, तपासणं, झिप आणि फोल्डर दोन्ही पुसणं हे सगळं एकाच रनमध्ये घ्या. ‘डॉकर हिस्टरी’ने प्रत्येक थराचा आकार दिसतो, मी तिथंच पकडलं. कर्लला ‘एफ’ हा पर्याय द्या, नाहीतर सर्व्हरने ‘404’सारखं चूक सांगणारं पान पाठवलं तरी ते झिप म्हणून जपून ठेवलं जातं. स्लिम इमेजमध्ये सीए-सर्टिफिकेट्स (सुरक्षित साइटची ओळख पटवणारी) नसतात, ती घाला. झिपच्या नावात आवृत्तीचा आकडा लिहिता येतो, तो लिहा, म्हणजे आज चाललेलं सहा महिन्यांनी वेगळं वागणार नाही.

डेबियन स्लिमवर हातानं तपासताना आणखी एक धक्का बसला होता. आपण कोण म्हणून लॉगिन आहोत हे विचारल्यावर सीएलआय म्हणाला, ‘लेस’ सापडत नाही. या वेळी मी घाबरले नाही, कारण जे सापडत नव्हतं त्याचंच नाव घेतलं होतं. दुसऱ्या पिढीचा सीएलआय उत्तर दाखवायला लेस (मजकूर पानापानाने दाखवणारा प्रोग्रॅम) वापरतो आणि अशा छोट्या इमेजमध्ये तो नसतो. एडब्ल्यूएस-पेजर हे व्हेरिएबल रिकामं ठेवलं की झालं.

आणि हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं: एडब्ल्यूएसमध्ये शिरायच्या गुप्त किल्ल्या इमेजमध्ये टाकू नका. घाईत मी माझं एडब्ल्यूएसचं फोल्डर कॉपी करणारी ओळ लिहिली होती, बिल्डच्या आधी खोडली. आर्ग किंवा एन्व्हमध्ये (डॉकरफाइलमधल्या व्हेरिएबल्समध्ये) दिलेली किल्ली हिस्टरीत उघडी वाचता येते, आणि कॉपी करून नंतर पुसलेली किल्ली खालच्या थरात राहते. ही इमेज बारा दुकानांच्या मशीनवर जाणार होती. आता किल्ली कंटेनर चालवताना बाहेरून येते, प्रत्येक दुकानाची वेगळी, आणि तिला त्या एकाच बकेटमध्ये फाइल टाकण्यापलीकडे काहीही करता येत नाही.

पहिल्या दुकानात बसवलं त्या रात्री मी घरी मोबाइलवर बकेट उघडून बसले होते. 11 वाजून 2 मिनिटांनी दुकानाचं नाव आणि तारीख लावलेली फाइल मुंबईत उमटली. ती उतरवून माझ्या मशीनवर पोस्टग्रेसमध्ये भरली आणि त्या दिवसाची शेवटची पट्टी शोधली. सोयाबीन, चौदा कट्टे, हमाली-तोलाई वजा जाता रक्कम, सगळं रुपयाला रुपया जुळत होतं. सकाळी आडत्यांना फोन केला. ते म्हणाले, “म्हणजे आता डबा जळाला तरी हिशोब राहतोय?” मी म्हटलं, राहतोय काका.

डॉकरफाइलच्या पहिल्या ओळीच्या वर आता एक टिप्पणी आहे: अल्पाइन करू नये, सीएलआयला जीलिबसी लागते.