'सर्वांना'मधला अनुस्वार

"मॉनिटर गेलाय, नवीन घेऊन या." गिरगावातल्या एका छापखान्यातून फोन आला. जाऊन पाहिलं तर मॉनिटर धडधाकट होता. डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून पानं लावायचं काम करणाऱ्या ताई मात्र स्क्रीनला नाक लावून बसल्या होत्या. 'घ' की 'ध', 'सर्वांना'मध्ये रेफाला चिकटून अनुस्वार पडलाय की नाही, हे त्यांना प्रूफ काढल्यावरच कळायचं. वर्षभरात दोनदा चष्म्याचा नंबर बदलून झाला होता.

सेटिंग उघडलं. पॅनल १९२० बाय १०८० पिक्सेलचं, म्हणजे तितक्या ठिपक्यांचं, आणि रिझोल्यूशन ठेवलेलं १३६६ बाय ७६८ वर. दोन्हींचा आकार जवळजवळ १६:९, त्यामुळे चित्र ताणलेलं दिसत नाही आणि कुणाला शंकाही येत नाही.

पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरला हे बरंचसं चालून जायचं. एलसीडीत मात्र प्रत्येक पिक्सेल कारखान्यातच ठरलेला असतो. या पॅनलवर २०,७३,६००. १३६६चं चित्र त्यावर पसरलं की चित्राच्या एका पिक्सेलच्या वाट्याला पॅनलचे आडवे साधारण १.४ येतात. पॉइंट चार पिक्सेल पेटवता येत नाही, मग कडेला काळ्या-पांढऱ्याची मिसळ करून करडा रंग भरला जातो. इंग्रजी अक्षर त्यातूनही निभावतं. आपला अनुस्वार लहान टाइपात एक-दोन पिक्सेलचा. तो करड्यात विरून जातो.

१९२० केलं आणि शिरोरेघ कातरल्यासारखी सरळ झाली. "सुंदर दिसतंय, पण बारीक झालं रे," ताई म्हणाल्या. याच तक्रारीवर आमच्याच ऑफिसच्या मुलाने रिझोल्यूशन उतरवून ठेवलं होतं. दहा मिनिटांत कॉल बंद, कागदावर सही. आमच्याकडे बंद केलेले कॉल मोजतात, अक्षर स्वच्छ आलं का याला रकाना नाही. मला याचा मनापासून राग येतो.

खरा उपाय विंडोजचं स्केल १२५ टक्के करणं, म्हणजे रिझोल्यूशन तेच ठेवून अक्षरं आणि मेनू मोठे करणं. ते केलं, तर त्यांचं डीटीपीचं सॉफ्टवेअर जुनं. त्याला स्केल कळत नाही, विंडोज त्याची खिडकी फोटोसारखी ताणतं आणि पुन्हा तोच धुरकटपणा. शेवटी स्केल १०० वर आणलं, पान सॉफ्टवेअरच्या झूममध्ये मोठं केलं, मॉनिटर वीतभर पुढे ओढला. मेनू बारीकच राहिला, पण तो ताईंना पाठ आहे.

निघताना त्यांनी ड्रॉवरमधून जुना चष्मा काढला. "मग हाच चालला असता का रे?"

डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा, म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.