बारावे पान

घरफाळ्याची जुनी पावती शोधण्यासाठी मागच्या रविवारी दुपारी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली आणि पावतीऐवजी हाती लागली ती निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही. तिच्या पहिल्या अकरा पानांवर मोडी लिपीची बाराखडी आहे. आधी आडवी शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली शक्यतो हात न उचलता अक्षरे लिहीत जायची, या रीतीने मन लावून गिरवलेली ही पाने आहेत. त्यांतले वळण पाहून क्षणभर मलाच माझा अभिमान वाटला. बाराव्या पानावर मात्र दुधाचा हिशोब आहे. म्हशीचे दोन लिटर, मंगळवारी खाडा, गुरुवारी अर्धा लिटर जादा.

वडिलांनी आठ वर्षांपूर्वी पणजोबांच्या कागदांचा रुमाल माझ्या स्वाधीन केला आणि ‘यात काय लिहिले आहे ते एकदा वाचून दाखव’ एवढेच म्हणाले, त्या दिवसांतली ही वही. त्याच संध्याकाळी मी महाद्वार रोडवर जाऊन ती विकत आणली. सोबत तिरप्या टोकाची दोन पेने आणि एक शाईची दौतही आणली. कोणतेही मोठे काम नव्या वहीशिवाय सुरू होऊ शकत नाही, अशी माझी लहानपणापासून पक्की समजूत आहे. घरात अशा समजुतीच्या सात-आठ वह्या सहज निघतील आणि त्यांपैकी एकीचेही विसावे पान कोरे नाही, असे मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

माणसाला नाद असावा, असे आमच्या कोल्हापुरात मानतात, आणि एकाच नादाला आयुष्य वाहणाऱ्याला प्रेमाने खुळा म्हणतात. माझी अडचण अशी की मला नाद पुष्कळ आहेत. पेठेचा फुटबॉल सामना असला की मोडी दुसऱ्या दिवसावर जाते. संध्याकाळी रंकाळ्यावर ओळखीचे कुणी भेटले की दुसरा दिवस तिसऱ्यावर जातो. मोबाइलविषयी न बोललेले बरे.

शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घरासमोर एक पैलवान भाड्याने राहत असे. तो कुठल्याशा खेड्यातून तालमीसाठी आला होता. पहाटेची मेहनत तालमीत होई, पण दुपारच्या बैठका तो आमच्या अंगणात मारी, आणि त्या मोजण्याचे काम आम्हा मुलांकडे असे. शंभर झाल्या की एक चिंचोका उजव्या ढिगातून डाव्या ढिगात टाकायचा. त्याच्या घामाने फरशीवर पावलांचे दोन ओले ठसे उमटत आणि बैठका संपेपर्यंत ते एकमेकांत मिसळून जात. एकदा मी मध्येच विचारले, ‘पैलवान, खासबागेत कधी लढणार?’ बैठक न थांबवता तो म्हणाला, ‘आकडा चुकवू नगंस बाळा.’ मी आकडा चुकवलाच होता. त्याने मुकाट्याने शेवटचे शतक पुन्हा पहिल्यापासून काढले. पुढे तो नामांकित वगैरे झाला नाही. काही वर्षांनी गावी परतला आणि उसात रमला, असे ऐकले.

1 ऑगस्ट 2024 च्या दुपारी स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळवले, तेव्हा आम्ही सारे टीव्हीसमोर बसलो होतो. आधी गुडघ्यावर, मग पालथे पडून, मग उभ्याने असा हा खेळ, आणि पन्नास मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. पेठेत फटाके वाजले. मला मात्र राहून राहून वाटत होते ते त्याच्या मधल्या वर्षांविषयी. हा मुलगा 2012 पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळत होता आणि ऑलिंपिकला पोहोचायला त्याला बारा वर्षे लागली. त्या वर्षांत रेल्वेची नोकरी होती, सराव होता आणि गावाकडे गेल्यावर ‘अजून चाललंय का ते?’ असे विचारणारे कुणी ना कुणी असणारच.

त्याचे कांबळवाडी राधानगरी तालुक्यात आहे. त्याच तालुक्यात शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतले. पैशाअभावी काम थांबले, 1922 मध्ये महाराज गेले आणि धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर. ती अर्धवट भिंत इतकी वर्षे पाहणाऱ्या आसपासच्या माणसांना ती काय वाटत असेल? निदान त्या भिंतीवर कुणी दुधाचा हिशोब मांडला नाही.

पावती शेवटी देवघराच्या फडताळात सापडली. पेटी परत ठेवण्याआधी मी रुमालाची गाठ सोडली आणि वरचा कागद उजेडात धरला. माथ्यावरचे ‘श्री’ वाचता आले. त्याखालच्या ओळीत दोन ठिकाणी ‘रा’ असावा. पलीकडच्या खोलीत वडील झोपले होते. सुरुवातीची काही वर्षे ते दर दिवाळीला विचारत, ‘कुठवर आले रे वाचन?’ गेल्या दोन दिवाळ्यांत त्यांनी विचारलेले नाही.