सात नंबरची आई

बुधवार, रात्रपाळी उतरल्यावर

झोप येत नाही. चहा झाला, अंघोळ झाली, पडदे ओढले, तरी डोळ्यांसमोर सात नंबरचा चार्ट.

आमच्या बालरोग विभागात पाच ते दहा नंबरच्या सहा खाटांना आम्ही 'न्यूरो' म्हणतो. कागदोपत्री असा वेगळा विभाग नाही. दोन मॉनिटर, एक सक्शन मशीन आणि भिंतीवर कुणीतरी कधीतरी रंगवलेला मोर, एवढाच आमचा न्यूरो. सात नंबरवर तीन वर्षांचा मुलगा आहे. टीबी मेंदूच्या आवरणात गेला, डोक्यात पाणी साठलं, शंट, म्हणजे ते पाणी पोटात उतरवणारी नळी, टाकावा लागला. आईबाप ऊसतोडीला आलेले, बंजारा तांड्यावरचे. ताप आणि उलट्या पंधरा दिवस अंगावर काढल्या, मग एका सकाळी आकडी आली तेव्हा ट्रॅक्टरमधून आणलं.

शुद्धीचं मोजमाप आम्ही तीन गोष्टींवर करतो : डोळे कधी उघडतो, काय बोलतो, हात-पाय कसे हलवतो. गुण अनुक्रमे चार, पाच आणि सहापैकी, एकूण पंधरा. बोलण्याच्या रकान्यात मी सलग तीन रात्री 'दोन' लिहिलं. दोन म्हणजे नुसता कण्हण्याचा आवाज, शब्द नाही. रात्री दहानंतर मॉनिटरच्या खाटांजवळ मुलांच्या आयांना बसू देत नाहीत, त्या बाहेर पॅसेजमध्ये. काल मावशींना दया आली म्हणून त्यांनी सात नंबरच्या आईला आत घेतलं. पोरगं पुन्हा तसंच कण्हलं. मी पेन उचललं, तर ती म्हणाली, "मला हाक मारतोय ना, शिस्टर."

'याडी' म्हणत होता तो. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

तीन रात्री तो आईला हाक मारत होता आणि मी लिहीत होते, अस्पष्ट आवाज. निदान चार तरी द्यायला हवे होते. माझ्या आकड्यावरूनच राउंडला 'फारशी सुधारणा नाही' असं सांगितलं गेलं. आणि खरी भीती वेगळीच. शंट तुंबला की मूल सुस्त होत जातं, आणि ते बरेचदा पहिल्यांदा बोलण्यात कळतं. मी त्याला आधीच तळाशी लिहून ठेवलेला. तो खरंच घसरला असता तर कागदावर दिसायला एकच पायरी उरली होती.

इंचार्ज सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, "केसपेपरवर घरची भाषा लिहायची सोय कुठंय?" सोय नाही. आता सातव्या खाटेच्या चार्टवर वरच्या कोपऱ्यात मी पेनने चार शब्द लिहिलेत : आई, पाणी, दुखतं, नको. आणि पुढे ती म्हणाली तसे, तिच्या बोलीतले.

शनिवार

सात नंबरला सुट्टी मंगळवारी द्यायची ठरलं. म्हणजे हातात तीन दिवस.

याबद्दल मला कायम राग आहे, तो इथे लिहून मोकळी होते. नळीतून भरवणं, कूस बदलणं, आकडी सांभाळणं हे शिकायला मला तीन वर्षं लागली, वर परीक्षा. या बायकांना आम्ही ते तीन दिवसांत शिकवतो, तेही अठ्ठावीस मुलांमागे दोघी असताना, औषधं देता देता. शिकवण्याची नोंद कुठल्याच रजिस्टरला नाही. इंजेक्शन दिलं तर सही लागते. आईला नळी बघायला शिकवलं तर ती गप्पा मारल्यात जमा. पुढचं सगळं नर्सिंग मात्र तीच बाई करणार, उसाच्या फडात, पालाच्या कोपीत.

आज नाकातून पोटात जाणाऱ्या, भरवायच्या नळीचा धडा. नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत मापून नळी घातलेली असते, आणि नाकापाशी मार्करची खूण. खूण बाहेर सरकली दिसली तर थेंबही घालायचा नाही. भरवताना डोकं आणि छाती उंच. पिचकारीचा दट्ट्या काढून ठेवायचा, नुसती नळकांडी वर धरायची, दूध आपोआप उतरू द्यायचं, ढकलायचं नाही. शेवटी थोडं उकळून गार केलेलं पाणी सोडायचं, नाहीतर नळी आतून चिकटते. मध्येच खोकला किंवा चेहरा काळानिळा पडला तर लगेच थांबायचं.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दट्ट्याचं काय करायचं? पोरं खेळायला घेतील." असा प्रश्न मला कधीच सुचला नसता. डब्यात ठेव म्हटलं.

नुसत्या दुधावर हे मूल अंग धरणार नाही. आहारतज्ज्ञ मॅडमनी गाळलेलं वरण, पातळ पेज, त्यात चमचाभर शेंगदाण्याचं तेल असं लिहून दिलंय. कागद इंग्रजीत. मी मागच्या बाजूला मराठीत लिहिलं, मग लक्षात आलं की तिला वाचता येत नाही. शेवटी चित्रं काढली. माझा चमचा फावड्यासारखा दिसतो.

रविवार

आकडीचा धडा सगळ्यात अवघड, कारण इथे नवीन शिकवण्याआधी जुनं पुसावं लागतं. कांदा हुंगवायचा नाही, चप्पल नाही, दातांत चमचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कुशीवर करायचं, तोंडातली लाळ बाहेर येऊ द्यायची, आणि वेळ बघायची. पाच मिनिटं गेली तरी थांबली नाही तर नाकात फवाऱ्याचं औषध मारायचं आणि गाडी शोधायची.

"वेळ कशी बघणार?" मोबाइल नवऱ्याकडे असतो, आणि नवरा फडात.

मी गप्प बसले. तीच म्हणाली, "मोजू का? मोळ्या मोजतो ना आमी."

नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती मोळ्यांनी फेडायची. ती इथे माझ्यापाशी बसलीय म्हणजे तिकडे अर्धाच कोयता चाललाय, आणि रोजचा खाडा लागतोय तो वेगळाच. हिशोब तिला पाठ. मग माझं घड्याळ समोर धरून आम्ही सराव केला. तिचं शंभर अठ्ठ्याण्णव सेकंदांत होतं. तीनदा शंभर म्हणजे पाच मिनिटं. सहा सेकंद कमी भरले तर बिघडत नाही. माझं शंभर एकशे बारा सेकंदांत झालं. ती हसली.

(आकडीचं औषध मनाने बंद करायचं नाही, हे मी दिवसातून चारदा सांगते. महिनाभर झटका आला नाही की लोक बाटली संपल्यावर नवी आणत नाहीत. अचानक औषध तुटलं की जो झटका येतो तो कधीकधी आवरत नाही.)

सोमवार

आज घाईत. शंटची नळी कानामागे हाताला लागते, तिथून कातडीखालून पोटात. ती तिला शीर वाटत होती, म्हणून चोळायची. चोळणं बंद करायला लावलं. उलट्या, गुंगी, नळीवर लाली किंवा ताप, बुबुळं खाली उतरून वरचं पांढरं दिसणं, यातलं काहीही दिसलं तर मुकादम काय म्हणतो ते न ऐकता निघायचं. टीबीची गोळी वर्षभर. लघवी केशरी होते ते रक्त नव्हे, औषधाचा रंग.

लहान मुलाला टीबी बहुतेक वेळा मोठ्या माणसाकडून लागतो. कोपीत कोण खोकतं विचारलं तर सासरे, दिवाळीपासून. धाकटी मुलगी दहा महिन्यांची, त्याच कोपीत. दोघांची तपासणी लावायला टीबीच्या ऑफिसात स्वतः चिठ्ठी देऊन आले, कारण कारखाना बंद झाला की ही माणसं दुसऱ्या जिल्ह्यात जाणार आणि नाव इथल्या यादीत राहणार.

मंगळवार

गेले. जाताना मूल बापाच्या खांद्यावर, मान अजून धरत नाही, उजवा हात मूठ बंद. 'याडी' आता स्पष्ट येतं. चालेल का, बोलेल का, हे तिने मला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, याचा विचार पाळीभर करत होते.

शुक्रवार

दुपारी फोन. दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरून. माझा जीव खाली-वर, शंट तर नाही ना!

शंट ठीक होता. प्रश्न झोळीचा. तिला उद्यापासून फडात जायचंय, आणि पोराला बांधावरच्या झाडाला झोळीत टाकावं लागणार. नळीतून भरवल्यावर झोळीत ठेवलं तर चालेल का?

तीन दिवस मी तिला पलंग गृहीत धरून शिकवलं. उशीची घडी, उंच डोकं, दर दोन तासांनी कूस. तिच्याकडे पलंग नाही. झोळीत अंग दुमडतं, मान पुढे पडते, पोटातलं वर येणार आणि छातीत जाणार. भरवल्यावर अर्धा-पाऊण तास मांडीवर टेकवून ठेव, म्हटलं. "अर्धा तास?" ती म्हणाली, आणि गप्प झाली. मोळ्या मोजत असणार.

झोळीत खाली फळी घालून पाठ सरळ राहील का? उद्या फिजिओच्या मॅडमना गाठून विचारायचं. संध्याकाळी सहानंतर तिच्याकडे फोन असतो.