‘रवा’चा ‘खा’ होऊ नये म्हणून

गेले तीन रविवार देवनागरी फॉन्टमधली साइडबेअरिंग, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या दोन्ही बाजूंना सोडायची मोकळी जागा, आपोआप काढणाऱ्या पायथन स्क्रिप्टवर गेले. मूळ कल्पना एचटी लेटरस्पेसर या अक्षरांमधली जागा ठरवणाऱ्या साधनाची: अक्षराच्या कडेला अडकलेलं पांढरं क्षेत्र मोजायचं आणि ते सगळीकडे सारखं भरेल इतकी जागा सोडायची. त्यात ‘खोली’ म्हणजे अक्षराच्या पोटात किती आतपर्यंतचं पांढरं धरायचं ते.

पहिल्या रनला ओळ फुटली. स्क्रिप्टच्या लेखी अक्षराची कड म्हणजे शिरोरेषेचं टोक, त्यामुळे जागा तिथून पुढे सोडली गेली. मग मोजणी शिरोरेषेच्या खालून पायरेषेपर्यंतच ठेवली, दर ५ युनिटला (युनिट म्हणजे फॉन्टमधलं मोजमापाचं एकक) एक आडवी रेघ. शिरोरेषा शेवटी ओढली, ग्लिफच्या (अक्षराकृतीच्या) रुंदीपेक्षा दोन्हीकडे १० युनिट जास्त. आता न, प, म, ग यांची उजवी बाजू एकच आकडा दाखवते. हाताने जागा सोडतानाही मी तेच करतो, म्हणून खूप बरं वाटलं. ट, ठ, ड किरकोळ दुरुस्तीत बसले.

खरी अडचण ‘रव’ची. १० पॉइंटला छापून पाहिलं तर ‘रवा’ चक्क ‘खा’ वाचला जात होता, ‘हरवलं’चं ‘हखलं’. क्षेत्र मोजताना सरासरी निघते. ‘र’च्या पायाचं टोक ‘व’च्या पोटाच्या किती जवळ गेलं हे कोणी पाहतच नाही. ‘र’ची उजवी बाजू वाढवली तर ‘रस’, ‘रत’ सैल पडतात. म्हणून फक्त ‘रव’ जोडीला २४ युनिट कर्निंग दिलं, म्हणजे त्या जोडीतलंच अंतर तेवढं वाढवलं, आणि शिरोरेषेत केसाएवढी चीर दिसली. बरोबरच आहे: दोन्हीकडचे १० मिळून २० युनिटच एकमेकांवर चढलेले, २४ सरकवल्यावर उघडणारच. लॅटिनमध्ये असं अंतर वाढवणारं कर्निंग बिनधास्त देता येतं. आपल्याकडे शिरोरेषा त्याचा हिशेब मागते.

शेवटी उजवीकडे २४ युनिट लांब शिरोरेषेचा दुसरा ‘र’ काढला आणि ‘काल्ट’ नियमाने (शेजारचं अक्षर पाहून आकृती बदलणारा फॉन्टमधला नियम) ‘व’च्या आधी तो बसवला. ‘रवी’ला नियम लागतो, ‘रवि’ला लागत नाही, कारण तिथे मध्ये वेलांटीचा काना येतो. तेच हवं होतं.

अर्धी अक्षरं सध्या हातानेच. ‘स्’ पुढच्या अक्षराला टेकायलाच हवा, तिथे पांढरं काय मोजणार? पुढच्या रविवारी ‘रख’ छापून बघणार आहे.